हे कार्ड माझं आहे

४ नोव्हेंबर २०२४ रोजी आमच्या अपंगांच्या मंडळाच्या खात्यातून ८७ युरो ६० सेंट गेले. एकशे सेहेचाळीस लाल कार्डं, वर प्लास्टिकचं वेष्टण, प्रत्येकी साठ सेंट. मंडळाच्या वार्षिक परिषदेला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्यायचं, अशी आमची रीत आहे. वक्ता काय बोलतोय ते समजलं नाही की कार्ड वर करायचं. कार्ड दिसलं की वक्त्याने थांबायचं आणि तेच सोप्या शब्दांत पुन्हा सांगायचं. वक्ता डॉक्टर असो की आमदार, त्यातून कुणाची सुटका नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला दोन ओळी छापलेल्या असतात. "हे कार्ड माझं आहे. मी ते फक्त माझ्यासाठी वर करीन." या ओळी आल्मुट लोकाम्पच्या. पहिल्या वर्षी अपंगांच्या वसतिगृहांतून आलेल्या मदतनीस बायकांनी आपापल्या माणसांच्या वतीने भराभर कार्डं वर केली होती. "हिला समजलं नाही हो," असं त्या म्हणायच्या, आणि जिच्याबद्दल बोलणं चालू असायचं ती शेजारी लाल होऊन बसलेली असायची. आल्मुटने कार्यकारिणीत टेबलावर हात आपटून सांगितलं की जन्मभर दुसरेच आपल्या वतीने बोलत आले, आता समजलं नाही हेसुद्धा तेच सांगणार का? पुढच्या वर्षीपासून त्या ओळी छापायला लागलो. नियम तिचा, तिच्याइतका कडक तो कुणीच पाळला नाही. म्हणून यंदा जे झालं ते लिहून ठेवतो.

मी मंडळाचा खजिनदार. दिवसा नळ आणि वॉशबेसिन विकणाऱ्या एका घाऊक कंपनीचे हिशेब पाहतो, येत्या मार्चमध्ये निवृत्त होईपर्यंत. दर बुधवारी चार वाजता हासे नदीच्या पुलाजवळ, सायकलच्या दुकानावर मंडळाची जी खोली आहे तिथे वक्त्यांची तालीम असते. आल्मुट ऐकते, आणि मी स्वयंपाकघरातलं टिकटिक घड्याळ लावून वेळ मोजतो व नोंदी ठेवतो. हे गेली नऊ वर्षं चाललं आहे.

आल्मुट त्रेपन्न वर्षांची आहे. तिचे वडील दलदलीतली माती कापून विकणाऱ्या कंपनीत मजूर होते. तिला वाचायला वेळ लागतो, ओळीखाली पट्टी धरून वाचते, आणि मोठं वाक्य मध्यावर आलं की त्याची सुरुवात तिच्या हातून निसटते. शाळेत हे लवकरच लक्षात आलं. आईने त्यावर उपाय शोधला. कुणी काही विचारलं की हसून मान हलवायची, म्हणजे लोक तुला शहाणी समजतील. आल्मुट शिकली. सतराव्या वर्षी ती अपंगांच्या कारखान्यात लागली. बारा-बारा स्क्रू मोजून पिशवीत भरायचे. काम चोख करायची आणि नंदीबैलासारखी मान हलवायची.

चोविसाव्या वर्षी, आई गेल्यावर, दुसऱ्या एका गावच्या न्यायालयाने तिच्यासाठी पालक नेमला. पालक म्हणजे तुमच्या वतीने सह्या करणारा माणूस. एक दिवस तो आणि कोटातले आणखी एक गृहस्थ आले, त्यांनी बरंच काही विचारलं आणि आल्मुटने मान हलवली. ती समजत होती की नवीन वसतिगृह एकदा बघून यायचं का, असं ते विचारताहेत. बॅगेत तिने एका रात्रीचे कपडे घेतले. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, परतीची बस कधी आहे. तेव्हा तिला कळलं की परतीची बस नाही. त्या वसतिगृहात ती अकरा वर्षं राहिली.

दर काही वर्षांनी न्यायाधीशाने येऊन विचारायचं असतं की आहे ते असंच चालू ठेवायचं का. एकदा ती हो म्हणाली. त्यानंतरच्या वेळी तिने आरशासमोर सहा आठवडे एकच वाक्य पाठ केलं होतं, "मला समजलं नाही, परत सांगा." न्यायाधीशबाई आल्या तेव्हा ते तिने चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळी समजलं. मग ती नाही म्हणाली. चार महिन्यांनी ती आमच्या गावात, स्वतःच्या दीड खोलीत राहायला आली. आज ती सोप्या भाषेची तपासनीस आहे. सरकारी पत्रकं, दवाखान्यांचे फॉर्म तिच्याकडे येतात, आणि तिला समजले तरच त्यावर शिक्का बसतो. त्याचा तिला पगार मिळतो.

तालमीच्या खोलीत ती खिडकीला पाठ करून बसते. समोर चहाचा थर्मास आणि खडीसाखरेची डबी, मांडीवर लाल कार्ड. वक्त्याला ती आधी सांगते की बोलताना तोंड झाकायचं नाही, ओठ वाचणारे असतात. पडद्यावर चित्र दाखवलं तर त्यात काय आहे ते बोलून सांगायचं, न दिसणारे असतात. खुणांची भाषा करणाऱ्या दुभाष्यांना भाषण आठवडाभर आधी द्यायचं. आकडे एका वेळी एकच. आणि हातात काहीतरी घेऊन यायचं. तिचं म्हणणं, नुसता कागद वाचणाऱ्या माणसाकडे कुणी पाहत नाही. हातात वस्तू असली की लोक मान वर करतात. एका मूत्रपिंडाच्या डॉक्टरला तिने चहाची गाळणी आणायला लावली होती. त्याचं भाषण लोकांना अजून आठवतं.

यंदाचे मुख्य वक्ते होते न्यायाधीश डॉ. फोल्कमार ओस्टहोफ. पालकत्वाचे खटले तेच बघतात. विषय होता, "न्यायाधीश तुमच्या खोलीत येतात तेव्हा". त्यांना बोलवा असा हट्ट आल्मुटचाच होता, आणि त्याचं कारण हेडविग.

हेडविग ब्युंगर एकसष्ट वर्षांची. गावाबाहेरच्या वसतिगृहात राहते, तिथल्याच धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. आल्मुटची ती जुन्या कारखान्यापासूनची मैत्रीण. आल्मुटच्या इमारतीत, तिच्यापासून दोन दारं सोडून, एक खोली रिकामी होणार होती. बाल्कनी असलेली. मंडळाने ती डिसेंबरअखेरपर्यंत धरून ठेवली होती. हेडविगला तिथे यायचं होतं. केलची पालेभाजी आणि सॉसेज स्वतःच्या भांड्यात, स्वतःच्या हाताने शिजवायचं होतं, कारण वसतिगृहातला केल तिच्या मते भिजलेल्या पायपुसण्यासारखा लागतो. हे सगळं ती आल्मुटला घड्या घालता घालता सांगायची. पण कोट घातलेलं कुणी समोर आलं की हसायची आणि म्हणायची, "ठीक आहे की." तिचा पालक म्हणायचा, त्या तर समाधानी आहेत, मी दर वेळी विचारतो.

आणि ९ डिसेंबरला हेच न्यायाधीश हेडविगच्या खोलीत येणार होते. आहे ते असंच चालू ठेवायचं का, हे विचारायला.

आल्मुटने तिला वीसदा सांगितलं की तू नाही म्हणू शकतेस. हेडविगने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू काय न्यायाधीश आहेस का? साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर खरं."

"मग साहेबांनाच आणते," आल्मुट म्हणाली.

२ ऑक्टोबरच्या बुधवारी ओस्टहोफ आले. उंच गृहस्थ, गळ्यात करडा मफलर, चामड्याची बॅग. आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण ते "तुम्ही"वर ठाम राहिले, आणि आल्मुटनेही मग त्यांना शेवटपर्यंत साहेबच म्हटलं. त्यांनी चष्मा चढवून पहिलं वाक्य वाचलं. "संबंधित व्यक्तीच्या इच्छेस प्राधान्य देण्याच्या तत्त्वानुसार विद्यमान व्यवस्थेचा नियतकालिक फेरविचार अनिवार्य ठरतो."

कार्ड वर.

ओस्टहोफ थांबले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने वाचलं.

कार्ड वरच.

"साहेब, मी बहिरी नाही," आल्मुट म्हणाली. "समजलं नाही."

त्या दिवशी वीस मिनिटांत अडतीस वेळा कार्ड वर गेलं. मी प्रत्येक वेळी एक रेघ मारत होतो. शेवटी साहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, मी तीस वर्षं न्यायालयात बोलतोय, मला कधी कुणी थांबवलं नाही.

"तीस वर्षं सगळ्यांनी मान हलवली असेल," आल्मुट म्हणाली आणि त्यांच्यासमोर रिकामा कप सरकवला. "खडीसाखर आधी घाला. वर गरम चहा ओतते, तडकू दे."

मला वाटलं, गृहस्थ परत काही येत नाही. पण पुढच्या बुधवारी चारला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर त्यांचे बूट वाजले. त्या दिवशी एकवीस रेघा झाल्या. त्यानंतर बारा. आल्मुटने त्यांना विचारलं, कुणाच्या खोलीत जाता तेव्हा हातात काय असतं? ते म्हणाले, फाइल आणि पेन. मग तेच आणा, ती म्हणाली, आणि फाइल उघडून दाखवा की आत काय लिहिता. साहेबांना ते नाटकी वाटलं. तरी चौथ्या तालमीला त्यांनी हिरवी फाइल आणली. रेघा पाच. पाचव्या तालमीला दोन. आणि ६ नोव्हेंबरला त्यांनी वीस मिनिटांचं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं, कार्ड एकदाही हललं नाही.

मी वहीत शून्य लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. अडतीस, एकवीस, बारा, पाच, दोन, शून्य. असा उतरता आकडा पाहिला की माझ्यासारख्या माणसाला बरं वाटतं. साहेबांनाही बरं वाटलं. जाताना त्यांनी आल्मुटचा हात हातात घेतला आणि म्हणाले, लोकाम्पबाई, विद्यापीठात इतकं शिकलो नव्हतो.

ते गेल्यावर आल्मुटने डबी बंद केली, थर्मासचं झाकण लावलं आणि बसून राहिली.

"शून्य आलं," मी म्हणालो.

"शून्य बरं नाही, एकार्ट," ती म्हणाली.

काय बरं नाही, ते तिला सांगता येईना. दोन दिवसांनी ती माझ्या ऑफिसात आली, जे ती कधी करत नाही. ग्राहकांच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसली. तिने म्हटलं की काल भांडी घासताना साहेबांचं भाषण तिच्या डोक्यात आपोआप सुरू झालं आणि शेवटपर्यंत चाललं. एक शब्द चुकला नाही.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"मला पुढचं वाक्य आधीच माहीत असतं. ते समजणं नव्हे. ते पाठ आहे." ती टोपी फिरवत राहिली. "हेडविग एकदाच ऐकणार."

नऊ वर्षांत असं झालं नव्हतं, कारण नऊ वर्षांत कुठलाही वक्ता तीनपेक्षा जास्त वेळा आला नव्हता. ओस्टहोफ सहा वेळा आले. माणूस जितका मेहनती, तितका आमच्या तपासनिसाचा कान बोथट झाला, आणि मी त्याला नफा समजून गोल काढला होता.

नवा कान हवा होता. मंडळाकडे आणखी दोन तपासनीस आहेत. एकाला फ्लू झाला होता, दुसरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर समुद्राकाठी विश्रांतीला गेली होती. हेडविगलाच तालमीला बसवावं असं मी सुचवलं. आल्मुटने मान हलवली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. चार भिंतींत, कोटातल्या माणसासमोर हेडविग काय करील हे मलाही माहीत होतं. १३ तारखेच्या बुधवारी साहेब सुनावणीतून अर्ध्या तासासाठी आले. आल्मुट डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे ओठ त्यांच्या शब्दांबरोबर हलत होते. संपल्यावर साहेबांनी विचारलं, ठीक? ती म्हणाली, मला सांगता येत नाही. साहेबांना वाटलं, नम्रपणा.

१६ नोव्हेंबर, शनिवार. चर्चच्या सभागृहात सकाळी आठपासून खुर्च्या मांडल्या. चाकांच्या खुर्च्यांसाठी कडेच्या नव्हे, मधल्या जागा. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी मागची खोली. दुभाष्यांवर दिवा. दारात मी स्वतः कार्डं वाटत होतो, एकशे सेहेचाळीस. हेडविग निळा ब्लाउज घालून आली होती, केस नुकतेच कापलेले. तिने कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, हे परत द्यायचं का? संध्याकाळी, मी म्हणालो. आल्मुट तिच्या शेजारी बसणार होती, पण तालमीची प्रमुख म्हणून तिची जागा पहिल्या रांगेत होती. हेडविग पाचव्या रांगेत बसली.

अकरा वाजता ओस्टहोफ उभे राहिले. हिरवी फाइल वर धरून सुरुवात केली. आवाज चांगला, गती चांगली, तोंडासमोर हात नाही. मी कडेला भिंतीशी घड्याळ घेऊन उभा होतो. पाच मिनिटं झाली. एकही कार्ड नाही. सभागृह शांत होतं, लोक साहेबांकडे पाहत होते. हळूहळू मला धीर येऊ लागला.

आल्मुट मात्र व्यासपीठाकडे पाहत नव्हती. ती खुर्चीत पूर्ण वळून मागे पाहत होती. मी तिच्या नजरेमागे गेलो. साहेब म्हणत होते की तुमची इच्छा हीच माझ्यासाठी पहिली गोष्ट आहे, तुम्ही बदल मागू शकता, आणि तुमचं मत ऐकल्याशिवाय मी निर्णय घेत नाही. प्रत्येक वाक्य छोटं, प्रत्येक शब्द आल्मुटने पास केलेला. आणि मागे रांगाच्या रांगा माना हलत होत्या. एका लयीत. साहेब थांबले की माना थांबायच्या, बोलायला लागले की हलायच्या. पाचव्या रांगेत हेडविग हसत होती आणि मान हलवत होती.

मी सांगतो, मला त्यात वाईट काही दिसलं नसतं. मला लक्ष देऊन ऐकणारे लोक दिसले असते. पण आल्मुटच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

ती उठली. पहिल्या रांगेतून वाकून, भिंतीच्या कडेने पाचव्या रांगेपर्यंत गेली आणि हेडविगच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. मी तिथून चार पावलांवर होतो. तिने हळूच विचारलं, साहेब काय म्हणाले?

"छान बोलतात," हेडविग म्हणाली.

"पण म्हणाले काय?"

"म्हणाले, सगळं ठीक आहे."

"तू काय करू शकतेस म्हणाले?"

हेडविगचं हसू जरा थिजलं. तिने साहेबांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या कार्डाकडे. "त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल ना," ती म्हणाली.

"कार्ड वर कर."

"नको गं. सगळे बघतील."

"हेडविग, कार्ड वर कर."

"मोठे साहेब आहेत ते," हेडविग म्हणाली आणि कार्ड दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं.

आल्मुटच्या हातात तिचं स्वतःचं कार्ड होतं. तिने ते उलटं केलं, मागच्या दोन ओळींवर तिची नजर गेली असावी. माझ्या घड्याळात साहेबांची अकरा मिनिटं झाली होती. यानंतर ते दुसऱ्या विषयाकडे, बँकेच्या खात्याकडे वळणार होते, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. एक वाक्य उरलं होतं. आल्मुट उभी राहिली आणि तिने कार्ड वर केलं.

साहेब थांबले. त्यांनी प्रथम कार्ड पाहिलं, मग ते कुणाच्या हातात आहे ते पाहिलं, आणि त्यांना ते खरं वाटेना.

"लोकाम्पबाई? तुम्हाला समजलं नाही?"

सगळं सभागृह वळून बघत होतं. दुभाष्याचे हात थांबले. मी वहीत शून्य लिहिलेला माणूस, तिला समजलंय हे मला माहीत होतं आणि साहेबांना माहीत होतं. तिने मनात आणलं असतं तर तेच भाषण ती त्यांच्यापेक्षा चांगलं म्हणून दाखवू शकली असती.

"नाही," आल्मुट म्हणाली. "मला समजलं नाही. परत सांगा."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. कागदावर यापेक्षा सोपं काही नव्हतं. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. कार्ड खाली आलं नाही. ते दुसऱ्या शब्दांत म्हणाले. कार्ड तिथेच. साहेबांच्या कपाळावर घाम आला. मला भीती वाटली की आता ते फाइल मिटतील आणि बसतील, आणि सहा आठवडे आणि हेडविगची खोली, दोन्ही गेलं.

त्यांनी कागद व्यासपीठावर ठेवला. हिरवी फाइल आणि पेन घेऊन पायऱ्या उतरले. पाचव्या रांगेशी आले आणि रांगेच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, हेडविगपासून तीन खुर्च्यांवर. तिला ते ओळखत नव्हते, आल्मुटने कधी नाव घेतलं नव्हतं.

"असं बघा," ते म्हणाले, आल्मुटकडे पाहून. "मी तुमच्या खोलीत येतो. असा बसतो. तुम्ही राहता ते घर, तुमचा पालक, याबद्दल विचारतो, असंच राहू दे का? तुम्ही म्हणू शकता, नाही. मग मी लिहितो, नाही." त्यांनी फाइल उघडली, कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहिला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवून धरला. "मी रागावत नाही. कुणी रागावलं तर मला सांगायचं. तुम्ही नुसती मान हलवली, तर मी हो लिहितो. मला दुसरं काही कळत नाही."

मग मागून एक कार्ड वर आलं. एक तरुण मुलगी, कानात यंत्र. तिने विचारलं, आधी हो म्हटलं असेल तर? साहेबांनी उत्तर दिलं. मग खिडकीजवळून दोन कार्डं. मग मी मोजणं सोडून दिलं. बँकेच्या खात्याचा विषय त्या दिवशी झालाच नाही, वाटाण्याचं सूप अर्धा तास उशिरा वाढलं आणि स्वयंपाकघरातल्या बायका माझ्यावर चिडल्या.

हेडविगने कार्ड शेवटपर्यंत वर केलं नाही. पण तिची मान हलत नव्हती. ती साहेबांच्या फाइलकडे पाहत होती.

दुपारी ओस्टहोफ आल्मुटला गाठायला आले. मी बटर केकचे तुकडे कापत होतो. ते हळू आवाजात म्हणाले, तुम्हाला समजलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

साहेबांनी तिच्या हातून केकची बशी घेतली आणि खात उभे राहिले.

पुढच्या मंगळवारी कार्यकारिणीत आल्मुटने स्वतःच विषय काढला. आपण नियम मोडला, दुसऱ्यासाठी कार्ड वर केलं आणि वर खोटंही बोललो, याची नोंद व्हावी. कुणीतरी म्हणालं, अगं पण चांगलंच झालं ना. ती म्हणाली, मदतनीस बायकापण हेच म्हणायच्या. नियम बदलायचा का, असं अध्यक्षांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मी तसंच लिहिलं. शिवाय तिने एक ठराव मांडला, की कुठल्याही वक्त्याची तिसरी तालीम झाली की तपासनीस बदलायचा. तो एकमताने पास झाला.

९ डिसेंबरला मी अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्मुटला गाडीने वसतिगृहात नेलं. हेडविगला ती खोलीत सोबत हवी होती, तसा तिला हक्कही होता. आल्मुट म्हणाली, नाही, मी असले तर ती माझ्याकडे बघून मान हलवील. आम्ही बाहेर, धुलाईखान्याच्या वासाच्या बोळात, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. दहा वाजून पाच मिनिटांनी ओस्टहोफ फाइल घेऊन आत गेले. आम्हाला पाहून त्यांनी फक्त "नमस्कार" म्हटलं. पालक त्यांच्या मागोमाग गेला. दार बंद झालं.

आतून साहेबांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मग शांतता. मग पुन्हा साहेबांचा आवाज. हेडविगचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. आल्मुट मुठी मांडीवर ठेवून बसली होती. दहा मिनिटांनी तिने विचारलं, किती झाली? मी सांगितलं. तिने परत विचारलं तेव्हा आणखी दोनच मिनिटं झाली होती.

दहा वाजून बत्तीस मिनिटांनी साहेब बाहेर आले. आत काय झालं ते त्यांना सांगता येत नाही, आम्हीही विचारलं नाही. मफलर गुंडाळत ते आल्मुटसमोर क्षणभर थांबले.

"तीन वेळा," ते म्हणाले आणि गेले.

हेडविग दारात आली. निळा ब्लाउज, आणि हातात लाल कार्ड, घामाने ओलं. ते तिने परिषदेच्या दिवशी पर्समध्ये टाकलं होतं, परत केलंच नव्हतं.

"मी बोलले नाही," ती म्हणाली. "नुसतं हे वर केलं. ते परत सांगायचे. मग मी नाही म्हटलं."

"मग?" आल्मुटने विचारलं.

"त्यांनी लिहिलं. मी पाहिलं लिहिताना." मग तिने आवाज उतरवला. "आता पालक माझ्याशी बोलत नाहीये. गं, आता काय होणार?"

"माहीत नाही," आल्मुट म्हणाली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

आज २० डिसेंबर. न्यायालयाचं पत्र अजून आलेलं नाही. बाल्कनीवाली खोली आणखी अकरा दिवस धरून ठेवलेली आहे. आल्मुट रोज सकाळी टपालाची वेळ झाली की हेडविगला फोन करते. काल मी परिषदेची कार्डं मोजून खोक्यात भरली. एकशे सेहेचाळीसपैकी एकशे पंचेचाळीस जमा. हेडविग ब्युंगर यांच्याकडून एक कार्ड येणे आहे, किंमत साठ सेंट.